कुपीखालचं पाणी

“ह्या बांगड्या राहू द्या की, सिस्टर,” वैजंता म्हणाली. “बाळंतपणात आईनं भरल्यात.”

“दोनच काढते. सुई लावायचीय इथं.”

मी तिचा हात माझ्या हातात घेतला, बांगडी सरकवायला वाकले आणि तिच्या श्वासाला वेलदोड्याचा वास आला.

वेलदोडा, केळं आणि साजूक तूप. तो वास मला ओळखायला वेळ लागला नाही. पहाटे चारला उठून तो शिरा मीच केला होता.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. वैशाखातली पौर्णिमा होती. करमाळ्यात कटारिया सरांचं वीस खाटांचं हॉस्पिटल होतं आणि तिथल्या ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून माझं पंधरावं वर्ष चालू होतं. दर पौर्णिमेला पहाटे घरी सत्यनारायण करायचा आणि कामावर जाताना वाटेत भेटेल त्याच्या हातावर प्रसाद ठेवायचा, हा माझा नेम. रोजचे नेम वेगळे. पण पौर्णिमा कधी चुकली नाही, अगदी ताप असतानासुद्धा.

सकाळी सातला मी वॉर्डातून जात होते. वैजंताची सासू, पारूबाई, दाराशी बसली होती. मांडीवर दोन महिन्यांचं नातवंड. सुनेच्या छातीत दुधाची गाठ पिकली होती, रात्रभर ती कण्हत होती, बाळाला एका बाजूचंच दूध मिळत होतं. गाठ फोडून पू काढायचा, एवढंच ऑपरेशन. वीस मिनिटांचं.

मी पारूबाईच्या हातात केळीच्या पानात बांधलेला प्रसाद दिला. म्हटलं, “तुम्ही आत्ता घ्या. सूनबाईला ऑपरेशन झाल्यावर, संध्याकाळी द्या.”

पारूबाईनं पुडी कपाळाला लावली. “देवच पावला,” म्हणाली.

आता वैजंता टेबलावर होती आणि नऊ वाजायला दहा मिनिटं कमी होती.

“वैजंता,” मी अगदी तिच्या कानाशी विचारलं, “काही खाल्लंस का तू?”

“न्हाई ओ. रात्रीपासनं पानीबी न्हाई. त्या डाक्टरांनी बी इचारलं मघाशी.”

“प्रसाद?”

“त्यो घेतला की.” तिला नवल वाटलं, मी हे काय विचारते म्हणून. “आत्याबाई म्हनल्या, परसाद म्हंजी काय जेवान हाय व्हय? देवाचं पोटात घिऊन जा, म्हंजी भ्या नगं.”

“केवढा?”

“समदा. टाकायचा नसतो न्हवं. आत्ताच, हितं आनायच्या आधी.”

पुडीत चांगला वाटीभर शिरा होता. मीच भरला होता, हात आखडता न घेता.

“काय कानगोष्टी चालल्यात?” मागून बिराजदार सरांचा आवाज आला.

बिराजदार सर भूल देणारे डॉक्टर. मंगळवारी आणि शुक्रवारी बार्शीहून आपल्या फियाटनं यायचे. बोलायला तिखट, हाताला हलके. त्यांनी त्याच वर्षी पुण्याहून एक नवीन वस्तू आणली होती. रबरासारखी मऊ नळी, आणि तिच्या टोकाला लहान मुलाच्या तळव्याएवढी चपटी वाटी. वाटीच्या कडेत हवा भरली की ती फुगायची. आम्ही तिला मास्क म्हणायचो. ही तोंडावर धरायची नाही, घशात बसवायची. श्वासनळीच्या तोंडावर ती झाकणासारखी नेमकी बसते. श्वासनळीत नळी घालायला जशी खटपट करावी लागते तशी हिला नाही. चाळीस वेळा वापरायची, मग टाकायची. प्रत्येक वेळी कार्डावर खूण करायची, ती मी करत असे. धुवायचीही मीच. देवाचं ताम्हन घासावं तशी धुवायचे.

“हेमलताबाई, ह्या मास्कला एकच खोड आहे,” सरांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं. “पोट रिकामं पाहिजे. पोटातलं वर आलं तर हा ते अडवत नाही. उलट सरळ फुप्फुसात नेऊन सोडतो. भरल्या पोटी नळीच घालायची. नळी श्वासनळीच्या आत जाते आणि तिचा फुगा वाट बंद करतो. लक्षात ठेवा.”

लक्षात होतं.

“कानगोष्टी नाहीत सर,” मी म्हटलं. “बांगड्या काढत होते.”

हे मी बोलले. मला आजही ते शब्द जसेच्या तसे ऐकू येतात.

आदल्या शुक्रवारी एक प्रकार झाला होता. हर्नियाच्या एका म्हाताऱ्या पेशंटच्या कपाळाला मी कमलाभवानीचा अंगारा लावला होता. तो सरांनी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरला तेव्हा खाली सांडला, डोळ्यात गेला, म्हातारा हात झाडायला लागला. सर ऑपरेशन झाल्यावर हात पुसत म्हणाले, “सिस्टर, तुमच्या देवाशी माझं भांडण नाही. पण पुन्हा देवघर थिएटरात आलं तर मी इथं केस घेणार नाही. कटारियांना सांगून ठेवलंय.”

कटारिया सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलत नसत. “ताई, बिराजदार गेले तर मला सोलापूरपर्यंत दुसरा माणूस मिळणार नाही. तुम्हाला ठेवायचं का त्यांना ठेवायचं, असा प्रश्न माझ्यापुढे आणू नका.”

घरी मालकांची गिरणी बंद पडून दोन वर्षं झाली होती. सासूबाई होत्या, मुलगा बारावीला होता.

सरांनी वैजंताच्या हाताला सुई लावली, सलाईन चालू केलं, बोटाला चिमटा लावला. यंत्र बीप बीप करू लागलं. अठ्ठ्याण्णव.

“वैजंताबाई, गाव कुठलं?”

“केम.”

“कुंकवाचं केम? मग झोपेतनं उठल्यावर कुंकू पाठवा आम्हाला. आमच्या सिस्टर लावत बसतील सगळ्यांना.”

कटारिया सर हात धुऊन, ग्लोव्ह्ज घालून उभे होते. “बिराजदार, गप्पा नंतर. मला साडेदहाला कोर्टात साक्ष आहे.”

“साक्षीला तुम्ही, आणि घाई मला.”

मी ट्रॉलीपाशी गेले. मला बोलायचं होतं. खरंच बोलायचं होतं. पण तोंडातून शब्द निघेना, म्हणून हात चालू झाले. फ्रीज उघडला. स्नायू सैल करणारं स्कोलीनचं औषध फ्रीजमध्ये असे. ती कुपी काढली, ट्रेमध्ये ठेवली. एक सिरिंज भरली आणि फडक्याखाली सरकवली. सात नंबरच्या दोन नळ्या काढल्या, त्यांचे फुगे फुगवून पाहिले. एकीच्या आत ती ताठ करणारी तार घालून ठेवली. घशात बघायच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का पाहिलं. सक्शन चालू करून हाताच्या तळव्यावर लावून बघितलं.

सगळी तयारी मी केली. बोलायचं तेवढं राहिलं.

बाहेर बाळ रडायला लागलं होतं. पारूबाई त्याला “उगी, उगी, आय आली बग” म्हणत होती.

मी मनात म्हटलं, एवढासा शिरा. देवाचा. त्यानं कुणाचं वाईट कसं होईल? मग मनात म्हटलं, आत्ता सांगावं. ओठ हलले.

“सिस्टर,” सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “जप नंतर. सुई पुढे करा.”

मी दुधासारख्या पांढऱ्या औषधाची सिरिंज त्यांच्या हातात दिली. त्यांनी ते हळूहळू सोडलं.

“हाताला थोडं झोंबेल हं. दहापासून उलटे आकडे म्हणा.”

“धा,” वैजंता म्हणाली. “नऊ... सिस्टर, बाळाला वाटीनं दूध...”

तिचे डोळे मिटले. सरांनी तिची हनुवटी वर उचलली, तोंड उघडलं आणि डोळे तिच्या घशावर ठेवून उजवा हात माझ्याकडे पसरला.

“मास्क.”

मास्क माझ्या हातात होता. जेल लावलेला, तयार.

“मास्क द्या, सिस्टर.”

मी दिला नाही. पुढे करायचा सोडून तो मी ट्रेमध्ये परत ठेवला आणि लॅरिंगोस्कोप त्यांच्या हातात दिला.

“हे काय?”

“मास्क नको, सर. नळी.” माझ्याच कानाला ते नीट ऐकू आलं नाही. सरांच्या कपाळाला आठी पडली. मग मी बोलले. एवढ्या मोठ्यानं मी त्या थिएटरात पंधरा वर्षांत बोलले नव्हते. “तिनं खाल्लंय. वाटीभर शिरा. माझा प्रसाद. आत्ता, अर्ध्या तासापूर्वी.”

कटारिया सरांचे ग्लोव्ह्ज घातलेले हात तसेच वर राहिले.

बिराजदार सरांनी माझ्याकडे पाहिलं. दोन बीप वाजले असतील.

“दाबा,” ते म्हणाले.

मी वैजंताच्या उशाशी गेले. हे त्यांनी मला पूर्वी शिकवलं होतं. गळ्याच्या घाटीखाली एक कडं लागतं, बोटाला कळतं. अंगठा आणि तर्जनीनं ते मागे मणक्यावर दाबायचं. त्यामागून अन्ननलिका जाते, ती दबते, पोटातलं वर येत नाही. आपल्या नाकाच्या दांड्यावर दाबलं तर दुखेल एवढं दाबायचं, आणि नळी आत जाऊन फुगा फुगेपर्यंत सोडायचं नाही.

“स्कोलीन.”

मी डाव्या हातानं फडक्याखालची भरलेली सिरिंज पुढे केली. त्यांनी घेतली, सोडली. वैजंताचे दंड, पापण्या, ओठ बारीक बारीक थरथरले आणि शांत झाले. आता तिचा श्वास थांबला होता. सरांनी घशात लॅरिंगोस्कोप घातला.

“दिसत नाही. मान जाड आहे हिची. दाब ठेवा.”

“ठेवलाय.”

“कटारिया, सक्शन हातात घ्या.”

“मी निर्जंतुक आहे.”

“राहू दे तुमचं सोवळं. घ्या.”

कटारिया सरांनी सक्शनची नळी हातात घेतली. बिराजदार सरांनी श्वासनळीच्या अंदाजानं नळी सरकवली, फुगा भरला, श्वास द्यायची पिशवी दाबली आणि स्टेथोस्कोप आधी पोटावर लावला. त्यांचा चेहरा पाहूनच मला कळलं.

“पोटात गेली,” ते म्हणाले आणि फुगा सोडून नळी काढून टाकली.

चिमट्याच्या त्या यंत्राची एक रीत आहे. रक्तातला प्राणवायू कमी होऊ लागला की बीपचा सूर उतरत जातो. आकड्याकडे बघावं लागत नाही. शहाण्णव. ब्याण्णव. सूर जरा जाड झाला. सत्त्याऐंशी.

“पिशवीनं दोन श्वास देऊ का?” कटारिया सर.

“हळूच. जोरात दिले तर पोट फुगेल आणि शिरा वर.” त्यांनी तोंडावर ऑक्सिजनचा मास्क धरून अगदी हळू दोन श्वास दिले. “सिस्टर, दाब सोडू नका, पण कडं जरा वर आणि उजवीकडे ढकला. माझ्या उजवीकडे. हां. अजून.”

माझी बोटं सुन्न झाली होती. तिच्या गळ्यातली मंगळसूत्राची दोरी मी काढून ठेवली होती, पण तिचा व्रण तसाच होता, नेमका माझ्या बोटाखाली.

ब्याऐंशी. बाळाचं रडणं थांबलं होतं. ते थांबलं याचीच मला जास्त भीती वाटली.

“दिसलं,” सर म्हणाले. “थोडं. तार घातलेली नळी. साडेसहाची.”

ती साडेसहाची नव्हती, सातची होती. हात सोडता येत नव्हता. “सातची आहे, सर. ट्रेमध्ये उजवीकडे.”

“चालेल.”

नळी आत गेली. मला ते बोटाखाली कळलं, कड्याच्या आतून काहीतरी खरबरत सरकलं. फुगा भरला. पिशवी दाबली. सरांनी छातीवर डावीकडे स्टेथोस्कोप ठेवला, मग उजवीकडे, मग पोटावर. डोळे मिटून ऐकत होते.

एकोणऐंशी. एकोणऐंशी. मग चौऱ्याऐंशी. सूर चढायला लागला.

“आता सोडा, सिस्टर.”

माझा हात सुटेना.

“हेमलताबाई. सोडा. नळी आत आहे.”

शेवटी कटारिया सरांनी माझी बोटं एकेक करून उचलली. त्यांनी तर्जनी उचलली मात्र, वैजंताच्या तोंडातून पांढरं पाणी आलं. मग शिरा. रव्याचा कण न् कण ओळखू येत होता. कटारिया सरांनी सक्शन लावलं, नळी घुर्र करून थांबली. त्यांनी काढून बघितली. टोकाला एक बेदाणा अडकला होता.

श्वासाच्या नळीतून छाती वर-खाली होत होती. सत्त्याण्णव.

“करा तुमची गाठ,” बिराजदार सर म्हणाले.

कटारिया सर पुन्हा हात धुऊन आले. ऑपरेशन पंधरा मिनिटांत झालं. वैजंता पूर्ण जागी झाल्यावर, तिनं स्वतःहून डोकं उचलल्यावरच सरांनी नळी काढली. ती खोकली, आणि पहिला शब्द “बाळ” असा काहीतरी म्हणाली. सर तिची छाती दोनदा ऐकून आले. स्वच्छ होती.

कटारिया सर कोर्टात गेले. मी आवरत होते. बिराजदार सर स्टुलावर बसून केसपेपर लिहीत होते.

“सिस्टर, तुम्हाला कधी कळलं?”

ट्रेमधला मास्क मी उचलला होता. न वापरलेला. कार्डावर आज खूण करायची नव्हती.

“आत्ताच, सर,” मी म्हटलं. “मास्क देताना वास आला.”

“बरं झालं बोललात.” त्यांनी लिहिलं. मग पेन ठेवायला ट्रेकडे हात नेला आणि तो तिथंच थांबला.

ट्रेमध्ये स्कोलीनची कुपी होती. मास्कच्या केसला ती फ्रीजमधून काढत नसू, आणि सरांनी मास्क मागितल्यापासून मी फ्रीजपाशी गेलेच नव्हते. अवजारं निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हच्या वाफेनं थिएटर नेहमी दमट असायचं. फ्रीजमधून काढलेली गार कुपी घामेजून घामेजून तिच्याखाली रुपयाएवढं पाणी साचलं होतं, आणि ते वाळत येऊन त्याच्या कडेला पांढरी रेघ उमटली होती. सरांनी त्या पाण्यात बोट टेकवलं. माझ्याकडे पाहिलं नाही. फडक्यानं ट्रे पुसला आणि कुपी परत फ्रीजमध्ये ठेवली.

“सक्शनची बाटली तुम्ही धुवा,” एवढंच म्हणाले आणि बाहेर गेले.

मी बाटली धुतली. नळाखाली रवा बराच वेळ जाईना.

वॉर्डात आले तर वैजंता कुशीवर झोपून बाळाला पाजत होती. पारूबाईनं माझे दोन्ही हात धरले.

“शिस्टरबाई, तुमच्या परसादानंच तारलं पोरीला. त्ये मोठं डाक्टर सांगून गेलं, लई धोका झालता म्हनून. म्या म्हनलं, पोटात देव हाय तिच्या, कसा धोका हुईल?” तिनं केळीचं पान उलगडलं. कडेला चिमूटभर शिरा चिकटलेला होता. “ह्यो तुमच्यासाठी ठिवलाय. तुमीच घेतला नसंल अजून.”

खरंच घेतला नव्हता. तिनं तो माझ्या तळव्यावर ठेवला.

मी तो मुठीत धरून खाली धावले. फियाट फाटकाशी होती, सर काच पुसत होते.

“सर.”

“काय राहिलं?”

“मला आधीच कळलं होतं. पांढरं औषध द्यायच्या आधी. बांगड्या काढताना.” मी मोठ्यानं बोलत होते. फाटकावरचा वॉचमन वळून बघत होता. “मी बोलले नाही. आणि मघाशी तुमच्याशी खोटं बोलले.”

सरांनी फडकं झटकलं. “कुपीखाली पाणी साचलं होतं.”

“मग तुम्ही तेव्हाच का नाही विचारलंत?”

“तुम्ही मला का नाही सांगितलंत?”

त्याला माझ्याजवळ उत्तर होतं. शुक्रवार, अंगारा, केबिन, गिरणी. पण ते त्यांनाही ठाऊक असणार, कारण त्यांनी फडकं घडी घालून आत ठेवलं आणि खाली बघत म्हणाले, “मागच्या आठवड्यात मी तुम्हाला जरा जास्त बोललो. पण मला घाबरून पेशंट मारू नका, बाई.”

गाडी चालू झाली. काच खाली करून ते म्हणाले, “मंगळवारपासून पेशंटला मी विचारणार नाही. तुम्ही विचारायचं. माझ्यासमोर, मला ऐकू येईल अशा आवाजात. आणि ‘काही खाल्लं का’ असं विचारायचं नाही. आज काय उत्तर मिळालं ते पाहिलंत ना.”

त्या मंगळवारपासून निवृत्त होईपर्यंत मी विचारत आले. चहा घेतला का? पाणी? तंबाखू? तीर्थ? अंगारा जिभेवर? प्रसाद? लोक गोंधळून बघायचे, हसायचे. एकदा एक म्हातारी म्हणाली, देवाचं घेतलं तर त्येबी सांगायचं व्हय? म्हटलं, आजी, तेच आधी सांगायचं.

त्या दिवशी मुठीतला शिरा मी हॉस्पिटलच्या मागच्या तुळशीत ठेवला. पौर्णिमा मी सोडली नाही, आजही पहाटे चारला उठते, सव्वा मापानं शिरा करते. प्रसाद घ्यायला शेजारपाजारचे येतात. प्रत्येकाच्या हातावर ठेवण्याआधी मी विचारते, आज दवाखान्यात जायचं नाही ना कुणाला? ऑपरेशन, तपासणी, काही?

सून म्हणते, “आई, केवढ्यानं विचारता. अख्ख्या गल्लीत ऐकू जातं.”

“जाऊ दे,” म्हणते मी.